वरची बांगडी

या वर्षी तरवड जरा लवकरच फुललाय. काल भाजीवाल्या बाईच्या टोपलीत मेथीच्या जुड्यांवर त्याच्या पिवळ्या फांद्या आडव्या टाकलेल्या दिसल्या आणि मी दुकानाच्या पायरीवरच थबकले. सोबत कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे होते. म्हणजे बतकम्मा आली. आमच्या आदिलाबादच्या बाजूला भाद्रपदाची अमावास्या जवळ आली की बाया रानात फुलं खुडायला निघतात, तेलुगू काय आणि मराठी काय. पितळी ताटात फुलांचे थरावर थर रचतात, शेंड्यावर हळदीची गौर बसवतात आणि संध्याकाळी ते ताट मधोमध ठेवून टाळ्या वाजवत फेर धरतात. शेवटच्या दिवशी सगळी फुलं तळ्यात सोडून येतात. हा सण न आवडणारी बाई मी आमच्या गावात एकच पाहिली आहे, आणि ती मला दुकानातल्या आरशात रोज दिसते.

खरं तर मला आवडायला हवा. आम्ही कासार. आमची वर्षाची कमाई निम्मी याच दिवसांत होते. सकाळपासून दुकानात बाया दाटीवाटीनं बसतात, चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत जातो, आणि सगळ्यांना एकदमच घाई असते. ओल्या केसांचा, हळदीचा आणि कुरडूच्या रानवट फुलांचा वास एकमेकांत मिसळून आत येतो. पूर्वी मी हा वास आला की पेट्या पुसायला घ्यायची, रंगांप्रमाणे बांगड्या लावायची, नव्या मालाचे डबे वर काढायची. आताही ते सगळं करते. पण आता दसरा कधी उलटतो याचे दिवस मोजत करते.

माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं. लग्न करून जैनथच्या रस्त्यानं बसमधून आले तेव्हा पूल ओलांडला आणि दुकानांवरच्या पाट्यांची अक्षरं बदलली. तेव्हा हे आंध्र प्रदेश होतं. मला तेलुगूतला एक शब्द येत नव्हता. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच गादीवर बसवलं आणि म्हणाल्या, ‘‘बोलता नाही आलं तरी चालन. हात समजला पायजे.’’ तसंच झालं. या गावाची भाषा मी नंतर शिकले, गावाचे हात आधी शिकले. कुणाचा अंगठ्याचा सांधा जाड, कुणाचं मनगट आतून नाजूक, कोण कपडे धुऊन आली आहे, कुणाच्या नखांत शेताची माती आहे. बांगडी भरताना जोर लावून काही होत नाही. बाईनं हात सैल सोडावा लागतो, आपल्यावर सोडावा लागतो. जी घाबरते, जी मनात काही धरून बसते, तिचा हात ताठ राहतो आणि काच फुटते. आम्ही फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. त्या दिवसांत मला वाटायचं की हातावरून माणूस ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

आणि एक रीत होती आमच्या घराची. ठरल्या बांगड्या भरून झाल्या की त्यावर एक जास्तीची भरायची, आपल्याकडून. तिला आम्ही वरची म्हणतो. तिचे पैसे घ्यायचे नाहीत आणि ती मागायचीही नाही. वरची भरली की बाई गादीला हात लावून नमस्कार करते आणि मग उठते. सासूबाई म्हणायच्या, ‘‘बाकीच्या बांगड्या धंद्याच्या. वरची आपल्या मायेची. ज्या हातात आपली वरची हाये, तो हात आपला.’’ हे त्यांचं बोलणं मी फार मनावर घेतलं. आमच्यापैकी कुणीही घेतलं असतं. पिढ्यानपिढ्या आम्ही काच विकून माणसं जोडली, निदान असं आम्ही समजत आलो.

त्या काळी गावाची खालची बाजू आणि वरची बाजू असे सरळ दोन भाग होते. वरच्या बाजूला कापसाची अडत, जिनिंग आणि शेटजींची माडी. शेटजी म्हणजे जिनिंगचे मालक. मुन्सिपालटी त्यांच्या घरातल्यासारखी चालायची. खालच्या बाजूला बुद्धविहाराची गल्ली, भाजी पिकवणाऱ्यांची आळी आणि आमच्या दुकानाची मागची बाजू. वरच्यांना नळाला रोज पाणी. खाली कधी नळ, कधी टँकर. टँकर आला की बाया घागरी घेऊन धावायच्या, रेटारेटी व्हायची, आणि दुपारून दुकानात गर्दी. एकीच्या चार वाढल्या, दुसरीच्या सगळ्याच. मी बसल्या बसल्या ओळखायची की आज टँकर आला होता. आमचे हे गमतीनं म्हणायचे, ‘‘नळ चालू झाला तर आपलं दुकान बंद पडन.’’ मीही हसायची. पुढे पुढे हसू येईना. ज्या हातांना दर आठवड्याला नवी काच लागते, ते हात कशाशी झुंजताहेत हे मला कळत होतं.

नळाचं पाणी तर त्याहून वाईट होतं. खालच्या बाजूचा नळाचा पाइप मोठ्या नालीतून गेला होता. नालीतून, शब्दशः. कुणी कधी टाकला कुणास ठाऊक, आणि सांध्यासांध्याला तो गंजला होता. पाणी बंद असलं की नालीतलं आत शिरायचं आणि सुटलं की तेच आधी हंड्यात यायचं.

शेवंताबाई बुद्धविहाराच्या गल्लीत राहायच्या. तरुणपणी दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी करून त्यांनी मुलाला शिकवलं, तो तहसीलमध्ये क्लार्क झाला. नवरा फार पूर्वी गेलेला. त्यामुळे माझ्या दुकानात त्या यायच्या त्या सुनेसाठी. सून उज्वला, गोरीपान, बोलकी. तिच्या सातव्या महिन्याच्या ओटीभरणाला मी घरी जाऊन हिरवा चुडा भरला. हात हातात घेतला आणि नखं पिवळी दिसली. मी विचारलं, तर शेवंताबाई म्हणाल्या, ‘‘बाई, पाण्याले वास येते. उकळून देतो मी तिले. पण किती उकळू? जळतन तरी किती पुरन?’’ उज्वला हसून म्हणाली, ‘‘मावशी, वरची भरा आधी.’’ मी भरली. पंधरवडा उलटला नाही तोच कावीळ पोटातल्या लेकरासकट तिला घेऊन गेली. हातातली काच मलाच काढायला बोलावलं. हातांवर सूज होती. मी तो चुडा कसा काढला ते सांगत नाही.

मग आम्ही मुन्सिपालटीत गेलो. मी, शेवंताबाई आणि सुनंदा. सुनंदा माझी मैत्रीण. भाजीच्या आळीतली, आमच्याच मागच्या दारची, माझ्याच वर्षी लग्न होऊन आलेली. मी या गावात भरलेला पहिला हात तिचा. सासूबाईंनी मुद्दाम नवखीला नवखी दिली होती शिकायला. मी तिच्या तीन बांगड्या वाढवल्या आणि ती ओरडायच्या ऐवजी खुदकन हसली. तेव्हापासून आमचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं. तर आम्ही तिघी गेलो, आणि टेबलामागच्या साहेबांनी वर न बघता सांगितलं, ‘‘दरखास्त दे दो अम्मा, देखेंगे.’’ दरखास्त दिली. पुन्हा गेलो. पुन्हा दिली. पाइप नालीतच राहिला.

परत येताना सुनंदा रस्त्यात थांबली. पदर खोचून म्हणाली, ‘‘कला, इलेक्शन येऊन राह्यलं. चेअरमनची जागा बायकाईची हाये म्हंते. तू काऊन नाही उभी राहत?’’

मी म्हटलं, ‘‘मी? बांगड्या भरणारी?’’

‘‘म्हनूनच. तुह्या हातातून गावातली एक बाई सुटली नाही. मी बी राहतो मेंबरीले. शेवंताबाईले बी उभं करू. मंग पाह्यतो ते साहेब कसे देखेंगे म्हंतेत.’’

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मला उभं राहा म्हणणारी ती होती.

तेव्हा चेअरमन लोक थेट निवडत नसत. वॉर्डावॉर्डातून मेंबर निवडून यायचे आणि मग ते सभागृहात हात वर करून आपला चेअरमन ठरवायचे. म्हणून आम्ही सगळ्या वॉर्डांतून आपली माणसं उभी केली. पक्ष नाही, झेंडा नाही. बोलणं एकच, पाइप नालीतून बाहेर काढायचा आणि मुन्सिपालटीचा कारभार शेटजींच्या माडीवरून खाली आणायचा. समोरून शेटजींची धाकटी सून चेअरमनसाठी उभी राहिली. बिचारी प्रचाराला गाडीतून यायची आणि काच खाली करून हात जोडायची. त्यांचे लोक चौकात म्हणायचे, ‘‘बांगड्या भरनारी काय मुन्सिपालटी चालवनार!’’ मी दुसऱ्या दिवशी त्याच चौकात उभी राहिले आणि म्हटलं, ‘‘तुमच्या घरच्या बायकाईचे हात मी रोज पाह्यतो. तुमी पाह्यले का कधी?’’ बाया टाळ्या पिटत हसल्या. पुरुषही हसले. मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे.

काय दिवस होते ते. पाऊस सरता सरता पडून जायचा आणि ऊन असं निघायचं की सगळं गाव धुऊन वाळत घातल्यासारखं दिसायचं. सोयाबीनच्या शेंगा भरल्या होत्या. इंद्रवेल्लीकडच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी तरवड पिवळाधमक. आम्ही गल्लोगल्ली फिरायचो, बाया ओसरीवर बोलावून हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायच्या. माझं तेलुगू ऐकून तेलुगू बाया लोटपोट व्हायच्या, आणि मत देते म्हणायच्या. शेवंताबाई फार बोलायच्या नाहीत. प्रत्येक घरी त्या आधी माठाजवळ जायच्या, झाकणी काढून वास घ्यायच्या आणि घरच्या बाईकडे बघायच्या. त्यांचं भाषण तेवढंच. सुनंदा मात्र खणखणीत बोलायची. तिचा आवाज बसला तर मी तिला ज्येष्ठमध द्यायची. संध्याकाळी मागच्या दारी बसून आम्ही दोघी पाय चेपत आपापले किस्से सांगायचो आणि हसून हसून बेजार व्हायचो. आपली कुणाला तरी खरी गरज आहे, असं मला त्याच एका ऋतूत वाटलं. त्याआधी नाही आणि नंतर तर नाहीच.

आम्ही निवडून आलो. मी, सुनंदा, शेवंताबाई आणि आमची बाकीची माणसं मिळून निम्म्याहून जास्त. गुलालानं नाली लाल झाली. मला वाटलं, झालं.

आमच्या ह्यांना तसं वाटत नव्हतं. चेअरमनच्या निवडीला अजून काही दिवस होते. ते दुकानात येऊन हळूच म्हणाले, ‘‘शेटनं आपले मेंबर गाडीत घालून श्रीशैलमले नेले. देवदर्शन म्हंते. तू बी आपल्यायले कुठं तरी नेऊन ठेव.’’

‘‘मेंबर काय बकऱ्या हायेत का, कोंडून ठेवायले?’’

‘‘बकऱ्या बऱ्या. त्या पाल्याकडंच जातेत, हे दिसते तरी.’’

मी चिडले. म्हटलं, ‘‘आपली मानसं हायेत ते. आमी पोलिसासारखं राखन बसायचं का?’’ आणि मी माझ्या पद्धतीनं जे करायचं ते केलं. एक डबा मी जपून ठेवला होता, गर्द हिरव्या काचेवर सोनेरी टिकल्यांचा. तो माल गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. आमच्या सगळ्या बायका मेंबरांना मी दुकानात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि एकेकीला तोच चुडा भरला. आणि प्रत्येकीला वरची. कुणाला शपथ घातली नाही. शपथ कशाला हवी होती? प्रत्येकीनं गादीला हात लावून नमस्कार केला. शेवंताबाई बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘‘मले कायले? माहे हात असेच बरे.’’ रीत होती, मीही आग्रह केला नाही.

सुनंदाचा हात सगळ्यात शेवटी घेतला. तो हात मला डोळे मिटून भरता आला असता. पण त्या दिवशी तो सैल पडेना. मी म्हटलं, ‘‘अवं, सोड की हात.’’ ती म्हणाली, ‘‘सोडलाच हाये.’’ दुसरीच बांगडी वाढली, तिच्या अंगठ्यापाशी रक्ताचा ठिपका आला. मी तो माझ्या पदरानं टिपला. वाटलं, बाई दमली आहे, इतके दिवस उन्हातान्हात फिरली आहे. वरची मात्र नीट गेली.

आमचे हे दारात उभे राहून सगळं पाहत होते. म्हणाले, ‘‘काचच हाये ते, कला.’’ मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

निवडीचा दिवस बतकम्मातच आला. सभागृहाच्या बाहेर कुणाच्या तरी ताटातली तरवडाची फुलं सांडली होती. आत भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी, वर घरघरणारा पंखा. शेटजींचे मेंबर गाडीतून उतरून सरळ आत येऊन बसले, सगळ्यांच्या कपाळाला देवाचं कुंकू. मी पुढच्या रांगेत होते. माझ्या मागे आमची माणसं. सुनंदा बरोबर माझ्या पाठीमागे. तिच्या साडीच्या खळीचा वास मला ओळखू येत होता, इतकी जवळ.

साहेबांनी आधी शेटजींच्या सुनेचं नाव वाचलं आणि माइकवर तेलुगूत म्हणाले, ‘‘चेतुलेत्तंडी.’’ हात वर करा.

मी पुढेच पाहत होते. मागे वळायचं कारण नव्हतं. आणि मग मला आवाज आला. हात वर गेला की भरल्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरतात, त्याचा एक आवाज असतो, दाट आणि किणकिणता. जन्मभर मी तो आवाज ऐकत आले आहे. कुठल्या मापाच्या, किती भरलेल्या, ते मला न बघता कळतं. तो माझ्या मागून आला. आधी एक, मग दोन-तीन, आणि मग अगदी कानाशी.

मी वळले. पुरुषांचं मला फारसं नवल वाटलं नाही. त्यांच्यातले काही घसरतील हे मी मनात धरून चालले होते. पण हिरव्या काचेचे, सोनेरी टिकल्यांचे ते सगळे हात वर होते. पंख्याच्या वाऱ्यानं पदर हलत होते आणि टिकल्या चमकत होत्या. सुनंदाचा हात सर्वांत वर. तिच्या वरच्या बांगडीला मी सोनेरी पट्टीची जोड दिली होती, मैत्रीण म्हणून. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर तसबिरीकडे बघत होती.

मग माझं नाव पुकारलं. मी माझा हात वर केला. कुणीतरी खोकललं. सभागृह शांत होतं, मागून कसलाच आवाज आला नाही आणि मला वाटलं, मी एकटीच. तरी मान वळवून पाहिलं. शेवटच्या रांगेत शेवंताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी हात वर धरला होता. हात मोकळा होता, म्हणून आवाज झाला नव्हता. साहेब त्यांना बसायला सांगत होते आणि त्या बसत नव्हत्या.

बाहेर आलो तेव्हा फटाके लागले होते. ऑटोत शेवंताबाई माझ्या शेजारी बसल्या. मग नुसतं म्हणाल्या, ‘‘सकाळी निंगताना म्या उज्वलाच्या फोटोले सांगून आली होती. आता जाऊन काय सांगू, बाई?’’  

लोक नंतर समजूत घालायला यायचे. राजकारण असंच असतं, म्हणायचे. असेल. चेअरमनची खुर्ची गेली याचं मला तेव्हाही फार वाटलं नाही. ती नेमकी कशी असते हे मी अजून पाहिलेलं नाही. कुणी कुणाला काय दिलं, कुठला गाळा कुणाच्या नावावर झाला, हे पुढे हळूहळू कळलं. सुनंदाच्या मुलाला मुन्सिपालटीत नोकरी लागली, पाणीखात्यात. म्हणजे खालच्या बाजूचा वॉल्व सोडायचं काम त्याच्याकडे आलं, त्याच पाइपाचा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कावीळ आली. पाइप बाहेर निघायला कितीतरी वर्षं जावी लागली, तोवर आणखी किती हातांची काच मी काढली ते आठवायची माझी इच्छा नाही.

मला जे सलतं ते दुसरंच आहे. त्यांना तिकडे जायचं होतं तर जायचं. पण हात वर करण्याआधी माझ्या बांगड्या तरी काढून ठेवायच्या होत्या. एवढीही कुणाला आठवण झाली नाही. मी ज्याला बंधन समजत होते तो त्यांच्या लेखी सणाचा फुकटचा चुडा होता. माझा त्यांच्यावरचा विश्वास गेला ते मी सोसलं. पण त्या दिवसापासून माझा माझ्या हातांवरचाही गेला. सुनंदाचा हात ताठ लागला होता. काच वाढली होती. माझ्या हातांनी मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मी प्रेमाखातर ऐकलं नाही.

पुढच्या बतकम्माला ती आली. मला वाटलं होतं दुसऱ्या दुकानात जाईल; चौकात मणियारांचं नवं दुकान निघालं होतं. पण आली, चपला काढल्या, नेहमीच्या जागी बसली आणि हात पुढे केला. आलेला हात परत पाठवायचा नाही ही आमच्या गादीची शिस्त. मी बांगड्या भरल्या. ती हळूच म्हणाली, ‘‘पोरगा दोन वर्सं घरी बसून होता, कला.’’  ठरल्या बांगड्या झाल्या आणि मी फडकं झटकलं. तिचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग तिनं तो मागे घेतला, गादीला टेकवून नमस्कार केला आणि गेली.

त्यानंतर दर वर्षी असंच. ती येते, मी भरते, वरची भरत नाही. आम्ही पावसाबद्दल बोलतो, भाव वाढल्याबद्दल बोलतो. मधल्या काळात राज्य बदललं, पाट्या बदलल्या, बतकम्मा सरकारी सण झाला. शेवंताबाई गेल्या. शेटजींची माडी विकली गेली. आमचे हे आता डोळ्यांनी कमी बघतात, पण सुनंदा पायरी चढली की त्यांना कळतं आणि ते आत निघून जातात. एवढं सगळं बदललं, आणि ती अजून माझ्याकडेच येते. कधी कधी वाटतं, हीसुद्धा एक शिक्षाच आहे, पण ती मी तिला देते आहे की ती मला, हे काही कळत नाही.

आज दुपारी आली. केस पार पांढरे झालेत. सोबत नवी सून, धाकट्या मुलाची बायको, भैंसा गावची, धिटुकली आणि गोड. सुनेच्या बांगड्या भरल्या, हौसेनं रंग निवडला, वरची भरली. पोरगी खूश. मग सुनंदानं हात पुढे केला. किती वाळलाय तो हात. दोन-सहाचं माप आता दोन-चारवर आलंय. मी मोजून भरल्या आणि फडक्याकडे हात नेला.

सून म्हणाली, ‘‘मावशी, आईंची वरची राह्यली ना.’’

 सुनंदाच बोलली, ‘‘मले नसते ते.’’

‘‘काऊन?’’ पोरगी हसली. तिला थट्टा वाटली.

 सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं, आणि हात परत पुढे केला. बाहेर कुणीतरी फुलांची टोपली उतरवली होती, तरवडाचा वास आत आला. खोटं कशाला सांगू, माझा हात पेटीकडे गेला. हिरव्या काचेची एक बांगडी बोटांत आलीसुद्धा. दुसऱ्या हातानं मी तिचा हात धरला. तो सैल होता. पहिल्या दिवशी होता तसा, माझ्यावर सोडलेला. असाच हात मला त्या निवडीच्या आधी, हिरवा चुडा भरताना, हवा होता.

मी बांगडी पेटीत ठेवली. तिचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवला.

‘‘झालं,’’ मी म्हटलं. ‘‘कोन हाये पुढची? या बाई, बसा.’’